माणिकप्पाला दिलेल्या विमानप्रवासाच्या सूचना

५ फेब्रुवारी १९८४, रविवार
आज सकाळी स्नान आणि लिंगपूजा उरकल्यावर मी ओसरीतल्या लोखंडी खुर्चीत बसलो, कमरेभोवती बैलाचा कासरा आवळून घेतला आणि एक तास दहा मिनिटं जागचा हललो नाही. मुंबईहून अहमदाबादला जायला विमानाला साधारण तेवढाच वेळ लागतो. सरावाशिवाय कोणतंही काम करू नये. मधे एकदा पाठ खाजली, सोसलं. गंगम्मा दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "सोडू का? का चारा टाकू?" प्रवासाची तयारी म्हणजे दशम्या बांधणं, एवढंच बायकांना ठाऊक.

आमच्या करडई उत्पादक सहकारी तेल संस्थेतून एक डेलिगेट गुजरातला तेलाचे कारखाने बघायला जाणार आहे. खर्च जिल्हा संघाचा. सोलापूरपर्यंत एस्टी, मुंबईपर्यंत रेल्वे, आणि पुढं विमान! आमच्या गावातून आजवर कोणी विमानात बसलेलं नाही. मी नऊ वर्षं संस्थेचा सेक्रेटरी. दुसरं नाव कोणाच्या तोंडी येईल असं वाटत नाही.

सोमलिंगचं पत्र आज पुन्हा वाचलं. हा माझ्या चुलतभावाचा मुलगा, मुंबईच्या विमानतळावर कँटीनमध्ये आहे. त्यानं तीन कागद भरून सूचना पाठवल्या आहेत. सामान थोडं न्या. तासभर आधी पोचा. खायचं नेऊ नका, वर देतात. कानात कापूस घाला, गोळी चघळा, म्हणजे दडे बसत नाहीत. मी त्या सगळ्या दोनशे पानी वहीत उतरवल्या आणि वर नाव घातलं : विमानप्रवास, सुखाचा व शहाणपणाचा.

संध्याकाळी ४ वाजता मीटिंग.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
लिहवत नाही. तरी लिहितो.

माणिकप्पा जाणार.

माणिकप्पा माझा साडू. गंगम्माची धाकटी बहीण रुद्रम्मा त्याला दिलेली. संस्थेचा डायरेक्टर. सहा फूट उंच, मिशा, आणि आवाज असा की लोहारा गावच्या बाजारात बोलला तर आमच्या वेशीत ऐकू यावा. चेअरमन तात्यारावांनी माझं नाव काढलं. तेवढ्यात हा उठला. म्हणाला, "अण्णा म्हंजे आपलं सोनं हाय. पर गुजरातची माणसं अण्णाला बघतील आन् म्हणतील, अरं बाबा, तिकडं दुष्काळ लई मोठा पडलाय की! करडईचं ऱ्हाऊ द्या, ह्येला आदी जेवू घाला."

सगळे हसले. तात्याराव तर डोळे पुसत हसले. शिपाई गोरोबा माझ्यासमोर चहा धरून उभा होता, तो इतका हसला की निम्मा चहा माझ्या धोतरावर आला. मग सर्वानुमते माणिकप्पा.

मी बारीक आहे हे खरं. पण तीन वर्षं पाऊस नीट नाही, अशा काळात बारीक असणं हे सभ्यपणाचं लक्षण आहे.

६ फेब्रुवारी, सोमवार
उपवास. पूजेत मन चांगलं एकाग्र झालं. माणिकप्पाच्या तोंडावर एकाग्र झालं.

मी सूड उगवणारा माणूस नाही. त्याच्यावर एखादा वाईट प्रसंग यावा, तो चारचौघांत यावा, आणि मला त्याची खात्रीलायक बातमी मिळावी, एवढंच देवाकडे मागितलं. यापेक्षा जास्त मागणं बरं नव्हे.

८ फेब्रुवारी, बुधवार
देव आहे.

सकाळी माणिकप्पा आणि रुद्रम्मा घरी आले. रुद्रम्मा म्हणाली, "दाजी, ह्यांना इमानाचं कायबी ठावं न्हाय. तुमी एवढं लिवून ठेवलंय म्हनं." माणिकप्पा माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "अण्णा, त्या दिवशी गमतीनं बोललो, मनावर घिऊ नका. आता तुमी सांगाल तसं करतो. तुमच्या शब्दाभाईर न्हाय."

वही फळीवर होती. उठलो, हात लांब केला, आणि तेवढ्यात सुचलं. वही न काढताच खाली बसलो. सगळं तोंडपाठ आहे म्हणालो.

मग सोमलिंगनं जे जे लिहिलं आहे त्याच्या बरोबर उलट सांगत गेलो. सामान जितकं नेता येईल तितकं न्या, कमी नेलं तर तिकीट वाया जातं. जाडजूड घोंगडं न्या, कारण वर ढगात बर्फ असतो आणि फटीतून वारा लागतो. खायला वर कोणी चिंचोकाही देत नाही, तेव्हा तीन दिवसांचं बांधून न्या. कडक भाकरी किती, तर तीस. शेंगाची चटणी डबाभर. पाण्याची कळशी. वेळेआधी मुळीच जायचं नाही. विमान एस्टीसारखंच, कंडक्टर माणसं गोळा होईपर्यंत थांबतो. दोनतीन तास उशिरा गेलं तरी चालतं, रुबाब राहतो. आणि विमान वर चढायला लागलं की तोंड उघडून मोठ्यानं 'ॐ नमः शिवाय' म्हणत राहायचं, खाली येईपर्यंत.

हे शेवटचं सांगताना जरा मन खाल्लं. पण देवाचं नाव घेतल्यानं कोणाचं वाईट होत नाही. फजिती होईल, ती निराळी.

माणिकप्पानं सगळं लिहून घेतलं. कळशीपाशी थांबून म्हणाला, "अण्णा, तांब्याची का पितळंची?" मी म्हणालो, पितळेची. उगाच.

९ फेब्रुवारी, गुरुवार
शांतपणे विचार केला. यात माझा स्वार्थ नाही, संस्थेचं हित आहे. एप्रिलात दिल्लीला मोठं अधिवेशन आहे, तिथंही एक डेलिगेट जाणार, विमानानंच. माणिकप्पा मुंबईत तोंडघशी पडला की दिल्लीला लायक माणूस पाठवणं संस्थेला भाग पडेल. लायक माणूस कोण, हे मी कशाला लिहू?

११ फेब्रुवारी, शनिवार
गेला. त्याला लोहाऱ्यापर्यंत सोडायला जीपमध्ये मी स्वतः गेलो. दोन ट्रंका, एक वळकटी, घोंगडं, भाकरीचं गाठोडं, चटणीचा डबा, पितळेची कळशी. जीपवाला म्हणाला, "काय पाव्हणं, बिऱ्हाड हलवलं का?" माणिकप्पा ऐटीत म्हणाला, "इमानानं चाललोय." जीपमधल्या बायकांनी पदर सावरले.

एस्टी सुटताना त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या पायाला लावायचा प्रयत्न केला. पोचला नाही. मी आशीर्वाद दिला. परतताना जीपमध्ये मला हसू येत होतं. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "लेक नांदायला गेली का?"

१३ फेब्रुवारी, सोमवार
हिशेबानं आज त्याचं विमान. सकाळी ७ ची वेळ. माझ्या सांगण्याप्रमाणे हा दहाला पोचणार. विमान तेव्हा अहमदाबादेत उतरलेलं असणार. विमानतळावर माणिकप्पा, कळशी आणि तीस भाकरी.

पूजा आज फार छान झाली.

१६ फेब्रुवारी, गुरुवार
बातमी नाही. दु:खद बातमीला वेळ लागतोच. दिल्लीच्या थंडीसाठी स्वेटर पाहिजे. गंगम्माला विणायला सांगितला. एप्रिलात दिल्लीला उकाडा असतो म्हणाली. तिला कोणी सांगितलं कोण जाणे.

२० फेब्रुवारी, सोमवार
माणिकप्पा काल परत आला. आज संस्थेच्या ऑफिसात शंभर माणूस जमलं होतं. मी प्रोसिडिंगचं पुस्तक उघडून बसलो होतो, त्यामुळे उठून जाता आलं नाही. तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो. पुढं कधी तरी उपयोगी पडेल.

तो दहा वाजता विमानतळावर पोचला. विमानात काही तरी बिघाड होता, ते सकाळपासून जागचं हललंच नव्हतं. संध्याकाळी चारला हललं. इतर माणसं पहाटे पाचपासून ताटकळत, उपाशी, एकमेकांवर खेकसत होती. हा रात्रभर झोपून, पूजाअर्चा करून, ताजातवाना गेला. हॉलमध्ये थंड हवेचं मशीन चालू होतं, सगळे कुडकुडत होते. ह्यानं घोंगडं पांघरलं. दुपारी कँटीनमधलं खाणं संपलं. ह्यानं गाठोडं सोडलं.

"आन् मंग," माणिकप्पा म्हणाला, "माझ्या बाजूला एक सुटाबुटातलं माणूस हुतं. भाकरीकडं बघत हुतं. म्या म्हनलं, घ्या सायेब. कडाकडा चार खाल्ल्या, चटणीसंगट. मंग बोट चाटत म्हनला, आपण कोण? म्या म्हनलं, करडईवाला. त्यो कोण हुता सांगा!"

राज्य संघाचा मोठा साहेब होता. त्याच गुजरातच्या कार्यक्रमाला चालला होता. भाकरी सत्तावीस माणसांत वाटली गेली. कळशीतलं पाणी पुरवून पुरवून प्यायले. एका पारशी बाईंनी कळशीचं कौतुक केलं, पितळ फार चांगलं आहे म्हणाल्या.

मी मनाशी म्हटलं, विमान सुटल्यावर तरी!

विमान वर चढताना माणिकप्पानं तोंड उघडून, मोठ्यानं नामस्मरण सुरू केलं. त्याचा आवाज! तोंड उघडं असल्यामुळे ह्याच्या कानाला दडे बसले नाहीत. साहेब आधीच घाबरलेला, दिवसभर बिघडलेल्या विमानात बसायचं म्हणून. त्यानं माणिकप्पाचा हात धरला आणि तोही म्हणायला लागला. मागं एक गुजराती कुटुंब होतं, त्यांनी टाळ्या धरल्या. अहमदाबादला उतरेपर्यंत निम्मं विमान म्हणत होतं. उतरताना साहेब म्हणाला, "माणिकप्पा, तुमच्यासारखा सहप्रवासी मी बघितला नाही."

"पर ही अक्कल माझी न्हाय," माणिकप्पा म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. "ही आमच्या अण्णाची."

टाळ्या. गोरोबानं चहा आणला, या वेळी कपात होता. मला चहाची चव लागली नाही.

२१ फेब्रुवारी, मंगळवार
विमानात बिघाड झाला यात माणिकप्पाचं कर्तृत्व काय? बिघाडाचं श्रेय त्यानं घ्यावं हे सभ्यपणात बसत नाही.

देवाला आज काही विचारलं नाही. त्यालाही सांगायला काही नसावं.

२ मार्च, शुक्रवार
जिल्हा संघाचं पत्र आलं. दिल्लीच्या अधिवेशनाला "श्री. माणिकप्पा यांनाच पाठवावे, असे राज्य संघाच्या साहेबांनी सुचविले आहे." 'यांनाच' मधला च टाइप करताना जरा जोरात पडला आहे, कागदाला भोक आहे.

पत्राला उत्तर मीच लिहिलं. "आपले पत्र पावून आनंद झाला."

४ मार्च, रविवार
दोन दिवस विचार केला आणि आज उलगडा झाला. माझी चूक कुठं झाली ते कळलं. उलट्या सूचनांनी त्याचं भलं झालं. म्हणजे तो माणूसच उलटा आहे. अशा माणसाला खऱ्या सूचना दिल्या तर काय होईल? हे शाळेत त्रैराशिक शिकलेल्या कोणालाही सोडवता येईल.

आता मी त्याला अक्षरश: खरं सांगणार. सूडही होईल आणि खोटं बोलल्याचं पापही लागणार नाही. इतकी निर्मळ योजना मला आधीच सुचायला हवी होती.

१ एप्रिल, रविवार
माणिकप्पा स्वतःहून आला. या वेळी वही काढली आणि सोमलिंगचं शब्दन् शब्द वाचून दाखवलं. एक हातातली पिशवी, बाकी काही नाही. तासभर आधी. रिकाम्या हातानं, हलक्या पोटानं. कानात कापूस, तोंडात गोळी, आणि एक अक्षर बोलायचं नाही.

तो जरा बुचकळ्यात पडला. म्हणाला, "अण्णा, मागल्या येळंला तर…" मी म्हणालो, दिल्लीचं विमान निराळं असतं. त्याला ते लगेच पटलं. जाताना गंगम्माला म्हणाला, "अक्का, अण्णाएवढं बारकाईनं इचार करणारं माणूस तालुक्यात न्हाय." गंगम्मा माझ्याकडे बघत होती. ती अशी बघते तेव्हा मी पंचांग उघडतो.

१४ एप्रिल, शनिवार
आंबेडकर जयंतीची मिरवणूक पेठेतून निघाली होती. मिरवणुकीच्या गर्दीतच माणिकप्पा जीपमधून उतरला. हातात तीच एक पिशवी. चेहऱ्यावरून काही कळेना. मी आशा सोडली नाही.

१५ एप्रिल, रविवार
दिल्लीला उतरल्यावर सगळ्या डेलिगेटांच्या बॅगा भलत्याच गावी गेल्या. दोन दिवस मिळाल्या नाहीत. मोठमोठे चेअरमन अधिवेशनाला चुरगळलेल्या कपड्यांत, दाढीचे खुंट घेऊन बसले. एकटा माणिकप्पा हातातल्या पिशवीतला इस्त्रीचा सदरा घालून, पांढरा फेटा बांधून आला. पुढच्या रांगेत बसवला गेला. फोटो आला आहे. बाकीचे त्याच्या मागं, अंधुक.

आणि तो तिथं दोन दिवस फारसा बोललाच नाही. "अण्णा म्हनले हुते, एक अक्षर बोलू नगं," तो म्हणाला. ते फक्त विमानापुरतं होतं. दिल्लीत त्याला सगळे विचारवंत समजले. एका समितीवर घेतलं.

त्रैराशिक चुकलं असं मला वाटत नाही. पण उत्तर तेच येतंय.

२२ एप्रिल, रविवार
६ मेला माणिकप्पाचा सत्कार. त्याच सभेत पुढच्या वर्षाचा डेलिगेटही ठरणार आहे, बंगलोरला, विमानानं. विहिरीला पाणी नाही, गावात टँकर येतो, पण सत्काराला शाल सोलापूरहून.

ठरवलं. त्या सभेत उभं राहून सगळं सांगून टाकायचं. मी पहिल्या वेळी मुद्दाम खोट्या सूचना दिल्या, हे एकदा लोकांना कळलं की माणिकप्पाची अक्कल किती आणि नशीब किती, हेही कळेल. पश्चात्तापाचा इथं संबंध नाही. तरीपण कोणाला तो दिसला तर दिसू दे. आणि खरं बोलणाऱ्या माणसाला बंगलोरला पाठवणं हे संस्थेला शोभेल.

२४ एप्रिल
सभेऐवजी आधी तात्यारावांना एकट्यात सांगावं असं ठरवलं. गेलो. करडईच्या भावाबद्दल बोलून आलो.

२९ एप्रिल
माणिकप्पाला घरी जाऊन सांगावं म्हणून निघालो. दारात रुद्रम्मानं खव्याची पोळी पुढं केली. पोळी हातात असताना असं बोलता येत नाही. दोन खाल्ल्या.

३ मे
सभेतच.

६ मे, रविवार, संध्याकाळी ७
शाळेच्या पटांगणात सभा. माणिकप्पाला शाल, नारळ. तो बोलायला उठला आणि तिसऱ्याच वाक्याला माझं नाव. "माझ्या मागं अण्णा नसते तर म्या मुंबईतच उपाशी मेलो असतो." टाळ्या. मी तेवढ्यातच उभा राहिलो.

म्हणालो, मंडळी, हे सगळं खोटं आहे. मी माणिकप्पाला पहिल्या वेळी जाणूनबुजून चुकीच्या सूचना दिल्या. त्याची फजिती व्हावी म्हणून. घोंगडं, भाकऱ्या, कळशी, उशिरा जाणं, सगळं त्याचं वाईट व्हावं म्हणून. कारण तो मला दुष्काळ म्हणाला होता.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. क्षणभर मला वाटलं, झालं. पटलं.

मग माणिकप्पा आला आणि सर्वांसमोर त्यानं मला मिठी मारली. माझे पाय जमिनीवरून उचलले गेले. तो लोकांना म्हणाला, "बघितलं? एवढं करून नाव नगं ह्या माणसाला! आपल्याच तोंडानं सोताला वंगाळ म्हनतो. ह्येला म्हनत्यात मोठेपण." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याच्या काखेतून म्हणत होतो, खरंच सांगतोय, खरंच. तात्याराव म्हणाले, "आता पुरे अण्णा, किती लीन व्हायचं माणसानं." मागून कोणीतरी "अण्णा की जय" म्हणालं. गोरोबाचा आवाज होता.

मग बंगलोरचा विषय निघाला. पुन्हा माणिकप्पा. आणि त्यानंच ठराव मांडला : यापुढं संस्थेतर्फे विमानानं जाणाऱ्यानं आधी अण्णांचा सल्ला घ्यावा, आणि असा जाणकार माणूस आपल्या गावातच राहावा म्हणून अण्णांना कुठंही पाठवू नये. तात्यारावांनी अनुमोदन दिलं. सगळे हात वर. गडबडीत मीही केला.

गंगम्मा बायकांत बसली होती. घरी आल्यावर तिला विचारलं, तुला तरी पटलं का? म्हणाली, "त्याच दिवशी कळलं हुतं. घोंगडं न्या म्हनताना तुमी हसला. तुमी कधी हसता का?" मी विचारलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस? म्हणाली, "बोलले की रुद्रीला. रुद्री त्यांना बोलली. ते म्हनले, अण्णा आपलं वाईट कधी सांगायचे न्हाईत, आन् बांध भाकरी."

म्हणजे त्याला सांगितलेलं होतं. तरी तो गेला. कळशी घेऊन गेला. माझ्या सूडावर त्यानं एवढाही विश्वास ठेवला नाही. हा अपमान मात्र मी विसरणार नाही.

असो. जे ठरवलं होतं ते आज केलं. भर सभेत, खणखणीत आवाजात. आत्ताच सभेचं प्रोसिडिंग पुरं करून सही केली. माझी कबुली कुठल्या सदरात घालावी ते कळेना. शेवटी लिहिलं, "सेक्रेटरींनी आभार मानले."